एक मात्रा आधी

जकार्तापासून तीन-चार तासांवरच्या आमच्या उजुंगबेरुंगमध्ये सध्या एक गोष्ट फिरते आहे. म्हणे गुगुम गावातल्या जुजूच्या पोराच्या सुंतेच्या जेवणाला गेला, कुस्तीच्या मैदानात उतरला आणि पाय घसरून पडला. तो गुगुम म्हणजे मी. माझा पाय घसरला नव्हता. तो कसा गेला हे फक्त दोघांना ठाऊक आहे, मला आणि ओडिंगला. ओडिंग कुणाला काही समजावून सांगायच्या भानगडीत पडणारा माणूस नाही, म्हणून मलाच सांगावं लागतंय. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची मला हौस आहे असं मात्र कुणी समजू नये.

ओडिंग माझ्या बायकोचा, इमासचा, सख्खा थोरला भाऊ. आमचा 'लिनी' नावाचा मेटल बँड आहे. लिनी म्हणजे भूकंप. त्यात मी गिटार वाजवतो आणि गाणी बांधतो, ओडिंग ड्रमवर बसतो. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र वाजवतोय आणि एकोणीस वर्षं मी त्याला पाण्यात पाहतोय. बँड सोडला तरी सुटका नाही, कारण ईदला त्याच्याच घरी जाऊन त्याच्याच शेजारी बसून जेवावं लागतं.

वय सेहेचाळीस. काडीसारखा माणूस, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर. रांचाएकेकच्या कापड गिरणीत माग दुरुस्त करतो आणि गिरणीचाच राखाडी शर्ट घालून स्टेजवर येतो. माझा टी-शर्टवर छपाई करण्याचा धंदा आहे. लिनीचे शर्ट मी स्वतः छापतो, लोक लांबून येऊन घेऊन जातात. ओडिंगला दिलेला शर्ट मी एकदाच वापरात पाहिला, तो त्यानं सायकलची चेन पुसायला घेतला होता. माझ्या नावाची बाजू काळी झाली होती. मुद्दाम केलं नसेल, पण केलं हे खरं.

तालमीला येताना तो जेंगकोल खाऊन येतो. हे बी ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगतो, चवीला ते छान असतं, पण खाणाऱ्याच्या तोंडाला आणि अंगाला दुसऱ्या दिवसापर्यंत वास येतो. आमची तालमीची खोली आठ बाय दहाची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खिडकी नाही. चेचेप आमचा बासवाला, गरीब स्वभावाचा, मोठ्यांना 'कांग' म्हणजे दादा म्हणणारा. तो एकदा हात जोडून म्हणाला, "कांग, निदान तालमीच्या दिवशी तरी नका ना खाऊ."

"मग श्वास घेऊ नकोस," ओडिंग म्हणाला आणि काठ्या उचलल्या.

पहिल्या भेटीतच तो माझ्या डोक्यात गेला होता. आमचा आधीचा ड्रमवाला बाटामला नोकरीला निघून गेला आणि इमास म्हणाली, "माझा भाऊ वाजवतो." तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी नाही म्हणू शकलो नाही. तो आला, स्वतःचं स्टूल घेऊन. ना नमस्कार ना चमत्कार. मी माझा नवा तुकडा वाजवून दाखवला. मला त्याचा फार अभिमान होता. ओडिंगनं मधेच हात वर केला.

"हे सात मात्रांचं आहे की साडेसात?"

"सात."

"तू सात म्हणतोस, हात साडेसात वाजवतोय. दोघांचं काय ते ठरू दे, मग मला बोलाव." असं म्हणून स्टूल उचलून गेला. आणि वाईट याचं वाटलं की त्याचं बरोबर होतं. मी घरी जाऊन मोजलं.

आता तो वाजवतो कसं, हे सांगायला हवं. इथे मला खोटं बोलता येत नाही, म्हणून जास्त चीड येते. लोकांना वाटतं मेटलमधला ड्रमवाला म्हणजे जोरात बडवणारा. जोरात कुणीही बडवतं, लग्नातला बँडवालाही बडवतो. ओडिंगचा उजवा हात झांजेवर चाराची चाल धरून शांतपणे चालत असतो, जणू तो या भांडणात नाहीच. त्याच वेळी दोन्ही पाय खालच्या ढोलांवर माझ्या गिटारची साताची चाल चावत असतात, आणि डावा हात तिसराच, पाचांचा फेरा घेऊन येतो. एका अंगात तीन माणसं एकमेकांशी बोलणं टाकून बसली आहेत असं वाटतं. मग नवख्या ऐकणाऱ्याला काही कळेनासं झालं, तो गोंधळून शेजाऱ्याकडे बघायला लागला, की तिघं एका ठोक्यावर एकत्र येतात आणि तुमच्या छातीत धस्स होतं. मी हे शेकडो वेळा ऐकलंय, त्याच्याच पुढ्यात उभं राहून. अजून धस्स होतं. तोंडानं तो काही मोजत नाही, मान हलवत नाही. डोळे कायम खाली, समोरच्या जमिनीवर, जणू तिथे त्याचं काही सांडलंय.

आणि त्याचं ते 'सरक'.

जिथे जाऊ तिथे, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, पाठीमागून आवाज येणारच. "गुगुम, सरक. डावीकडे सरक." मी स्टेजवर मधोमध उभा राहतो, पुढ्यात माझा स्पीकरचा डबा ठेवतो आणि मागे दुसरा. गाणी माझी, मी मधे उभा राहणार. याला वाटायचं, पब्लिकला आपलं तोंड दिसलं पाहिजे. गिरणीचा शर्ट घालून येणारा माणूस, पण हौस बघा. मी मुद्दाम सरकायचो नाही. एकदा गारुतला त्यानं उठून माझा मागचा डबा लाथेनं बाजूला केला, चार हजार माणसांसमोर. मी परत आणून ठेवला. त्या दिवशी त्याचं वाजवणं ढिसाळ झालं आणि मी परतीच्या गाडीत सगळ्यांदेखत त्याला झाडलं. "तोंड दाखवायची एवढी हौस असेल तर गाणारा हो." तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. वास मात्र गाडीभर होता.

आता मूळ भांडणाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मी 'तांजाकान' बांधायला घेतलं. तांजाकान म्हणजे चढण. आमच्या गावामागून पालिंतांगकडे जो रस्ता चढतो, तिथे जुनी मोटारसायकल तीनदा धापा टाकते आणि चौथ्यांदा कशीबशी वर पोचते. ते मला गाण्यात आणायचं होतं. एकोणतीस मात्रांचं आवर्तन केलं, तीन वेळा सात आणि शेवटी आठ. शेवटच्या मात्रेवर गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी सोडायची. ओडिंगनं यावर काय केलं, तर मोठ्या झांजेवर दर चौथ्या मात्रेला ठोका ठेवला आणि जगबुडी आली तरी तो हलवायचा नाही असं ठरवलं. एकोणतिसाला चारानं भाग जात नाही. त्यामुळे पहिल्या आवर्तनाच्या शेवटी गिटार आणि झांज एकमेकांना चुकतात, दुसऱ्यात वेगळ्याच ठिकाणी चुकतात, तिसऱ्यात आणखी. ऐकणाऱ्याला खात्रीच पटते की दोघांपैकी एक जण हुकला. आणि चौथं आवर्तन संपताना, एकशे सोळाव्या मात्रेवर, दोघे एकदम कोसळतात. हे त्याचं डोकं. माझ्या डोक्यातून ते आलं असतं तर मी अंगणात मांडव घालून लोकांना जेवायला घातलं असतं.

पण माझं म्हणणं असं, की कोसळायची जागा चुकते आहे. चढण संपली की नवा रस्ता सुरू होतो, तेव्हा जड ठोका नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर हवा. जगभर तसंच वाजवतात. मी गिटार शिकलो ती बाहेरच्या कॅसेटी ऐकून. माझे वडील पोस्टात होते, आमच्या घरात ढोलकं वगैरे कधी आलं नाही. वाजवताना माझी मान पहिल्या मात्रेवर खाली जाते. आणि ओडिंग त्याच्या एक मात्रा आधी, शेवटच्या मात्रेवर, कोसळायचा. दर वेळी. मोठ्या शिस्तीत.

ही त्याच्या घरची खोड. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, अबाह, बेंजांगला ढोल वाजवतात. बेंजांग ही आमच्याकडची कुस्ती, तालावाचून होत नाही. तिथे चामड्याची एक भलीमोठी थाळी असते, तिचा ठोका पडला की आवर्तन संपलं. त्या ठोक्याला गूंग म्हणतात. अबाहच्या घरात शेवटच्या आकड्याचं नावच घेत नाहीत, त्या जागी गूंग म्हणतात. म्हातारा कोंबड्या मोजतो तरी 'एक, दोन, तीन, गूंग'. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, किती मासे तळू? अबाह म्हणाले, "गूंग." मला वाटलं म्हातारा भ्रमलाय. चार मासे आले.

"तुमच्या घरात 'चार' आकडा जन्मालाच आला नाही," मी ओडिंगला तालमीत म्हणायचो. "पहिलीवर जड. पहिली कळते का? एक!"

"सुरुवातीला कशाला जड? अजून काही झालंच नाही," तो म्हणायचा.

भांडण तेवढ्यावरच थांबायचं, कारण गंमत अशी की वाजवायला लागलो की जमायचं. भांडायचो ते नंतर. मला वाटायचं, मी समजूतदार, मी त्याला सांभाळून घेतो.

मग जकार्ताच्या एका कंपनीनं आमचं रेकॉर्ड काढायचं ठरवलं. बांडुंग शहरात एका मोठ्या स्टुडिओत आठवडाभर काम झालं. ध्वनिमुद्रण करणारी सिस्का, जकार्ताचीच, हुशार मुलगी. ती म्हणाली, प्रत्येकानं वेगवेगळं वाजवा, कानात यंत्राची टकटक देते. ओडिंगनं कानातलं काढून तिच्या हातात दिलं.

"टकटक नको. हा समोर उभा राहील."

"अरे, माझी गिटार तुझ्या कानात येतेय की," मी म्हणालो.

"समोर उभा राहा. आणि त्या टेबलामागे नको, इकडे, उघड्यावर."

तीन तास मला त्याच्यासमोर उभं केलं त्यानं, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखं. गिटार वाजवत होतो पण ती रेकॉर्डही होत नव्हती. सिस्का काचेपलीकडून बघत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्याच वेळी मनात म्हटलं, थांब, तुझा बंदोबस्त करतो.

ती संधी चालून आली. ओडिंग गिरणीत कामावर गेला होता. सिस्कानं पडद्यावर सगळे आवाज ओळीनं मांडले आणि म्हणाली, "कांग गुगुम, एक विचारू? रागावू नका. ड्रम एक मात्रा आधी पडतायत. एखाद्या ठिकाणी नाही, सगळीकडेच."

मी इतक्या मोठ्यांदा हसलो की ती दचकली. एकोणीस वर्षं जे मी घसा फोडून सांगत होतो, ते यंत्रानं एका मिनिटात दाखवलं होतं.

"सरकवू का?" तिनं विचारलं.

"सरकव," मी म्हणालो. "सगळे ड्रम, एक मात्रा पुढे."

ऐकायला ते झोकात वाटलं. कसं सरळ, ताठ, बाहेरच्या बँडसारखं. घरी येऊन मी त्या रेकॉर्डबरोबर गिटार वाजवून पाहिली तेव्हा दोनदा हुकलो आणि मान अवघडली. दमलोय, असं म्हणून सोडून दिलं.

मी मूर्खपणा एकच केला, ते इमासच्या फोनवर पाठवलं. ती शुक्रवारी माहेरी गेली आणि कौतुकानं सगळ्यांना ऐकवलं. शनिवारी सकाळी ओडिंग माझ्या छपाईच्या दुकानात हजर. शाई वाळायला टांगलेले शर्ट दोन्ही हातांनी बाजूला सारत आत आला.

"कुणी केलं?"

"काय कुणी केलं?"

"गुगुम, मागावर एक धागा इकडचा तिकडे झाला तर मला दारातून कळतं. कुणी केलं?"

"मी. चूक होती, दुरुस्त केली. यंत्रात दिसलं सगळं. एकोणीस वर्षं तू आधी पडतोयस."

"यंत्र नाचतं का?"

"हे बघ, तुझ्या बापाच्या कोंबड्या मोजायच्या असतील तर गूंग म्हण. रेकॉर्ड जगात जाणार आहे. मला हसं करून घ्यायचं नाही."

त्याच्या गालावरची शीर उडायला लागली. बापाचं नाव काढायला नको होतं, पण निघालं तोंडातून. आणि बरंही वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

"परत ठेव जागेवर," तो म्हणाला.

"सोमवारी रेकॉर्ड जकार्ताला जाणार. असंच जाणार."

"मग माझं नाव काढ. आणि दुसरा ड्रमवाला बघ."

"बघतो!"

आतून इमास तळलेल्या बाला-बालाची, म्हणजे भाज्यांच्या भज्यांची, थाळी घेऊन आली आणि ती थाळी तिनं शाईच्या डब्यांवर आदळली. "नाव काढा, ड्रमवाला बघा! आधी दोघं मिळून अक्कल बघा कुठे मिळाली तर. कांग, खा. तुम्हीही खा. खाताना तरी तोंडं बंद राहतील."

ओडिंगनं हात लावला नाही. दारात जाऊन वळला. "उद्या दुपारी जुजूच्या पोराच्या सुंतेला बेंजांग आहे. उतर. तुझी पाठ टेकली तर गाणं परत जागेवर जाईल. माझी टेकली तर यंत्र खरं, मी गेलो."

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे आणि वजनानं वीस किलो जास्त. शिवाय ढोलाच्या पायपट्ट्या दाबून दाबून त्याचा गुडघा गेलाय हे मला माहीत होतं. लाज वाटायला हवी होती. "उतरतो," मी म्हणालो.

रविवारी जुजूच्या घरामागचं मैदान भरलं होतं. तालाची मंडळी एका बाजूला चटईवर, मधे अबाह, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मांडीवर ढोल. आमच्याकडे कुणी नाव पुकारत नाही. ज्याला लढायचंय तो मैदानात येऊन तालावर नाचत फिरतो, आणि ज्याच्यासमोर थांबतो त्यानं उतरायचं. ओडिंग आला, राखाडी शर्ट काढून फेकला आणि नाचत नाचत थेट माझ्यासमोर उभा राहिला. गर्दीत एकच ओरडा झाला.

"जावईबापू, आज शर्ट नाही, पाठ छापायची!"

"ओडिंग, सांभाळून, भूकंप अंगावर पडेल!"

अबाहनी माइक तोंडाशी ओढला. "पोरगा माझा, जावई माझा. दोघेही पडले तरी माझी काही हरकत नाही." आणि ढोलावर थाप मारली. गर्दीतून इमासचा आवाज आला, "हातपाय मोडून घरी आलात तर दोघांनाही पाणी विचारणार नाही!"

मी माझा डाव ठरवून आलो होतो. लहानपणापासून हे मी आमच्या माडीच्या खिडकीतून पाहिलं-ऐकलं होतं, आमचं घर दोनच गल्ल्या पलीकडे. गूंग पडला की सगळे क्षणभर सैल होतात. तेव्हा आपण पहिल्या मात्रेवर अंगावर जायचं. पहिली मात्रा माझी आहेच.

पहिल्यांदा गेलो. गूंग झाला, एक म्हणून मी झडप घातली, आणि भिंतीवर आदळल्यासारखा परत आलो. तो नुकताच दोन्ही पायांवर स्थिर झाला होता. दुसऱ्यांदा मानेत हात घालून वजन टाकलं, त्याचा गुडघा करकरला, मी ऐकलं. वाकला पण पडला नाही. गर्दी आता त्याच्या नावानं ओरडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसानं मला एकोणीस वर्षं सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं होतं, आज याची पाठ मातीत घालायचीच, बाकी काही नको, गाणंही नको, असं मला झालं होतं.

अबाहनी लय वाढवली. आम्ही एकमेकांचे खांदे धरून फिरत होतो. ओडिंगची मान खाली, डोळे जमिनीवर. मला वाटलं, दमला. आता पुढच्या एकवर याला उचलायचा. मी मनात मोजायला लागलो. मान तयार, खांदे तयार. थाळीवाल्यानं हात वर नेला.

आणि गूंगवर माझा उजवा पाय जमिनीवर आपटला.

मी आपटला नाही. तो आपटला. सगळं वजन घेऊन, टाचेसकट. मी अजून एकची वाट बघत होतो, आणि माझं अर्धं शरीर आधीच पोचलेलं होतं. ओडिंगची टांग नेमकी त्या पायामागे आली, जणू तिथे पाय पडणार हे त्याला कालपासून माहीत होतं. मी आकाश पाहिलं, मग मांडवाचं कापड, मग पाठ टेकली. पुढची पहिली मात्रा ढोलावर पडली तेव्हा मी उताणा होतो.

तो माझ्या छातीवर हात रोवून वाकला. तोंडाला जेंगकोलचा भपकारा. गर्दीच्या गोंगाटात फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"डोकं तुझं एकवर हलतं. पाय गूंगवर पडतो. एकोणीस वर्षं बघतोय हा पाय. मी त्याच्यावर वाजवतो."

माझ्या छातीत हवाच नव्हती.

"म्हणून म्हणतो सरक," तो म्हणाला. "त्या डब्यामागे मला दिसत नाही, भोपळ्या."

हात देऊन उठवलं वगैरे काही नाही. शर्ट उचलला, झटकला आणि लंगडत जेवायला जाऊन बसला.

सोमवारी सकाळी दुकान न उघडता मी आमच्या कार्यक्रमांची जुनी चलचित्रं लावून बसलो. लोकांनी फोनवर घेतलेली, हलणारी, कुठूनही घेतलेली. मी आजवर त्यात माझे हात बघायचो, माझं तोंड बघायचो. त्या दिवशी फक्त उजवा बूट बघितला. मान एकवर खाली, ठरल्यासारखी. बूट एक मात्रा आधी, जाड तार मोकळी सुटते त्याच क्षणी. प्रत्येक गाण्यात. जाड तार त्या जागी मीच ठेवली होती आणि मीच तिला एकोणतिसावी, म्हणजे पुढच्याची तयारी, म्हणत होतो. कॅसेटी मी आणल्या असतील, पण घरची खिडकी उघडीच होती, बेंजांगचा गूंग तिच्यातून आत येतच होता. मग गारुतचं चित्र लावलं. मागचा डबा बुटासमोर बरोबर आडवा. ओडिंग स्टुलावरून एका बाजूला कलून, मान लांब करून, काहीतरी दिसतंय का बघतोय, आणि ठोके इकडेतिकडे होतायत. त्यानंतर गाडीत मी त्याला काय बोललो होतो तेही आठवलं. मला माझीच इतकी शिसारी आली की चित्र बंद केलं.

रेकॉर्ड जकार्ताला जायच्या आधी सिस्काला फोन केला. "ड्रम परत मागे घे. एक मात्रा. होते तिथे."

"कांग, पण पडद्यावर चुकीचं दिसतंय ते."

"दिसू दे."

"नक्की ना? लोक म्हणतील ड्रमवाला हुकला."

"जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव," मी म्हणालो. मेव्हण्याची बाजू घेऊन बोलायची ती पहिलीच वेळ, जिभेला चव विचित्र लागली.

माफी मी मागितलेली नाही आणि त्यानं अपेक्षाही दाखवलेली नाही. गेल्या शनिवारी सोरेआंगला कार्यक्रम होता. तो गिरणीचा शर्ट घालून आला, वास घेऊन आला, चेचेपच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, माझ्या गिटारकडे बघून "अजून हीच?" म्हणाला. माणूस आहे तसाच आहे, मला तो अजूनही बघवत नाही. तो काठ्या उचलून स्टुलावर बसला, मान खाली घातली, आणि 'सरक' म्हणायला तोंड उघडणार इतक्यात मी मागचा डबा उचलून कडेला नेला, दोन पावलं डावीकडे सरकलो आणि उजव्या पायातला बूट काढून ठेवला.